म्हातारपणी कानात तेल घातल्याने ऐकू येतं का? आयुर्वेद नेमकं काय सांगतो?

आजोबांना ऐकू कमी यायला लागलं की घरात पहिला सल्ला मिळतो, ‘कानात तेल घाला.’ गिरगाव असो वा दादर, यात फरक नाही. या सल्ल्याला ग्रंथाचा आधार आहे. पण ग्रंथात लिहिलंय ते आणि घरी केलं जातं ते, यात अंतर आहे.

कानात कोमट औषधी तेल भरून काही वेळ ठेवण्याला आयुर्वेदात ‘कर्णपूरण’ म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोज कानात तेल घालण्याचा उल्लेख दिनचर्येत येतो. त्यामुळे वातामुळे होणारे कानाचे विकार आणि बहिरेपण होत नाही, असं तिथे म्हटलंय. म्हणजे हा सल्ला ऐकू येत असलेल्यांसाठी आहे, गेलेलं परत आणण्यासाठी नाही. बहिरेपणावर म्हणजे ‘बाधिर्या’वर सुश्रुतसंहितेत बेलफळापासून केलेलं बिल्वतेल सांगितलंय. शिवाय तूप, रसायन औषधं, आणि कमी बोलावं असंही! नंतरच्या चिकित्साग्रंथांनी मात्र वृद्धांचं आणि जुनं बहिरेपण उपचाराला दाद देत नाही, असं स्पष्ट लिहून ठेवलंय. तेलाच्या जाहिरातींत नेमकं हेच नसतं.

तेल पोहोचतं कुठे?

कानाच्या पडद्यापर्यंत. वयामुळे खराब होतात त्या आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी. त्या पडद्याच्या पलीकडे असतात आणि एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानात मळ घट्ट बसला असेल तर तेलाने तो मऊ होतो, मळ निघाला की ऐकू येतं आणि श्रेय तेलाला मिळतं. मात्र पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर घरी तेल घालू नये. मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओलसर कानात बुरशीही धरते.

गिरणगावात आणखी एक कारण आहे. १९८२च्या संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. साच्यांच्या खडखडाटात, कानाला कसलंही संरक्षण न घेता अनेकांनी पाळ्या केल्या. आवाजामुळे येणारं बहिरेपण कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. तरीही घरी त्याला ‘वयच झालं’ म्हणून सोडून दिलं जातं.

मग करायचं काय?

आधी कान तपासून घ्या आणि ऑडिओमेट्री करा. परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. आयुर्वेदिक उपचार हवे असतील तर वरळीचं पोदार रुग्णालय जवळ आहे. कानाचे विकार तिथे शालाक्य विभागात पाहतात. कानात आवाज येण्यावर दिल्या जाणाऱ्या सारिवादी वटीसारख्या औषधांत धातूंची भस्मं असतात. म्हणून मूत्रपिंडाचा त्रास किंवा इतर गोळ्या सुरू असतील तर वैद्यांना आधीच सांगा.

वयोमानानुसार आलेल्या बहिरेपणात खरा उपयोग कानाच्या मशीनचाच होतो. ते टाळत राहिलं की माणूस गप्पांतून हळूहळू बाजूला पडतो. ऐकू न येणं हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, टाळता येण्याजोगा मोठा धोका असल्याचं लॅन्सेट आयोगाने २०२० आणि २०२४ मध्ये नोंदवलंय. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना अशा उपकरणांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत, हेही खरं.

आणि एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर तेल घालून वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.