बी घरचे, पान दिवाणाचे : तंबाखूच्या रोपाचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात माणिकपूरला आमच्या इमारतीच्या गच्चीत शेजारच्या काकांनी मला गाठले. “अगं, तू इतिहास शिकतेस ना? मग सांग, कुंडीत तंबाखू लावता येते का?” मिरची, अळू, कढीपत्ता त्यांच्या कुंड्यांत आहेतच, आता तंबाखूचे बी मागवण्याचा विचार होता. प्रश्न बागकामाचा होता. उत्तर शोधताना मी मात्र चारशे वर्षे मागे गेले. त्याचा हा धागा. #इतिहास

२/ प्रारंभ बियापासून करू. तंबाखूच्या बियाशेजारी मोहरीचा दाणादेखील थोराड वाटेल, इतके ते बारीक असते. एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक बिया मावतात. एका रोपाला लाखाच्या घरात बी धरू शकते. चिमूटभर बी कागदाच्या पुडीत, अंगरख्याच्या खिशात वा पदराच्या गाठीत बांधून कोठेही नेता येते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे.

३/ या वनस्पतीचे मूळ घर अमेरिका खंड. १४९२ नंतर ती युरोपात आली, तीही आधी बागेतली औषधी वनस्पती म्हणून. लिस्बनमधील फ्रेंच राजदूत झाँ निको याने १५६० च्या सुमारास ती फ्रान्सच्या दरबारी पाठवली. त्याच्याच नावावरून तिचे शास्त्रीय नाव ‘निकोटियाना’ पडले आणि तिच्यातील विषारी द्रव्याला ‘निकोटीन’ म्हणू लागले.

४/ लिस्बनचे नाव येताच वसईकराचे कान टवकारतात. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. आमच्या माणिकपूरचे सेंट मायकल चर्च १६०६ चे. त्याच दशकात तंबाखू दख्खनच्या लेखी इतिहासात ठळकपणे अवतरते. तिला येथवर आणणारी गलबतेही त्याच पोर्तुगीजांची होती.

५/ भाषेत याच्या खुणा आजही आहेत. अननस, पपई, काजू हे शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे रुळले. तंबाखूही त्याच वाटेची. गंमत अशी की मराठीने या पाहुणीकडून एक रंगसुद्धा घेतला. नाकात ओढायची ती तपकीर आणि तिच्यासारखा दिसणारा रंग तो तपकिरी. आपण शाळेतल्या रंगपेटीतून तंबाखूची आठवण बाळगत होतो!

६/ ती नेमकी केव्हा आली? एक दुवा पाहा. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट याच ऑर्ताकडे भाडेपट्ट्याने होते. हिंग, अफू, दालचिनी, विड्याचे पान या साऱ्यांचा त्याने परामर्श घेतला. तंबाखूला मात्र त्यात स्वतंत्र प्रकरण नाही.

७/ त्यानंतर चाळीस वर्षांनी चित्र पालटलेले दिसते. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाकडे गेला होता. तेथे त्याला तंबाखू भेटली. हिंदुस्थानात अशी वस्तू आपण कधी पाहिली नव्हती, असे तो नोंदवतो. परतताना त्याने तंबाखू घेतली आणि तिच्यासोबत रत्नजडित नळीचे, मोठ्या कारागिरीचे ओढण्याचे साधनही घेतले.

८/ आग्र्याच्या दरबारातला पुढचा प्रसंग रंगतदार आहे. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. शाही हकीम अस्वस्थ झाला. आपल्या वैद्यांनी न पारखलेली वस्तू बादशहाने का घ्यावी, हा त्याचा आक्षेप. असद बेगने प्रतिवाद केला, की प्रत्येक वस्तू कधी ना कधी नवीच असते. अकबराला तिची गोडी लागली नाही; सरदारांना मात्र लागली. मागोमाग व्यापारी आले.

९/ थोडक्यात, आग्र्याला तंबाखू उत्तरेकडून पोचली नाही. ती दख्खनेतून गेली. किनाऱ्यावर पोर्तुगीज, घाटमाथ्यावर आदिलशाही आणि या दोहोंमध्ये घाटवाटांवरून अखंड चालणारी बैलांची ये-जा, असा तिचा मार्ग होता. दिल्ली-आग्र्याच्या आधी विजापूरने धूर काढला, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात सहसा येत नाही.

१०/ धुराबरोबर विरोधही आला. १६०४ मध्येच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली. १६१७ मध्ये जहांगीरने तिच्यावर बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनेही घातली होती. पण त्याच्या दरबारी गेलेला मोगल वकील खान आलम इतका व्यसनी निघाला, की शहाने त्याच्यापुरती सूट दिली. बंदी आणि अपवाद यांची जोडी अशी जुनी आहे.

११/ बंदीचा परिणाम काय झाला? इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याच वर्षांत हिंदुस्थानात होता. येथे तंबाखू मुबलक पेरतात, असे तो लिहितो आणि पुढे जोडतो, की ती नीट मुरवून कडक करण्याची विद्या मात्र येथल्या लोकांना अवगत नाही. बंदीच्या काळातील हा साक्षीदार फार मोलाचा आहे.

१२/ टेरीच्या या नोंदीत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पेरणे सोपे, मुरवणे अवघड. बी कोणालाही मिळते आणि कोठेही रुजते. ते अडवणे कोणत्याही फौजेला शक्य नव्हते. पण पान सुकवायला जागा लागते, मुरवायला काळ लागतो, विकायला बाजार लागतो. ते सारे दिसते, मोजता येते, अडवता येते. सत्तांनी हे लवकरच हेरले.

१३/ मग बंदीच्या जागी मक्ता आला. १६७४ मध्ये लिस्बनला तंबाखूच्या मक्तेदारीचा कारभार पाहण्यासाठी खास मंडळ नेमले गेले. गोव्यातही तंबाखूविक्रीचा मक्ता दिला जाई आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील तंबाखू समुद्र ओलांडून गोव्यात उतरे. परसात उगवू शकणारी वस्तू अर्ध्या जगाला वळसा घालून सरकारी भावाने विकत घ्यायची, असा हा व्यवहार!

१४/ आमच्या खाडीपलीकडे मुंबईत इंग्रजांनी हीच पद्धत उचलली. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये कंपनीकडे आली. कंपनीच्या तेथील उत्पन्नात तंबाखूचा मक्ता ठळकपणे दिसतो आणि त्यासाठी इंग्रज कागदांत ‘स्टँक’ हा शब्द येतो. तो पोर्तुगीज ‘इश्तांकु’, म्हणजे मक्तेदारी, या शब्दाचा अपभ्रंश. राज्य बदलले, मक्ता राहिला.

१५/ हा मोह दीर्घकाळ टिकला. मलबार आणि कानडा जिल्ह्यांतील कंपनीची तंबाखूची मक्तेदारी १८५३ मध्ये उठली. मुंबई शहरातील तंबाखूवरील कर, साठवण आणि किरकोळ विक्री यांसाठी १८५७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. होय, तेच १८५७. उत्तरेत वणवा पेटलेला असताना मुंबईच्या वखारींतील तंबाखूचा हिशेब चोख राहील, याची तजवीज झालेली होती.

१६/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक गोष्ट खटकते. दप्तरात मक्तेदार सापडतो, जकातदार सापडतो, दंड झालेला व्यापारी सापडतो. परसात चार रोपे लावून पाने उन्हात वाळवणारी बाई सापडत नाही. कर न भरणाऱ्याची नोंद फक्त पकडला गेल्यावर होते. म्हणून तंबाखूचा लेखी इतिहास हा बहुतांशी पानाचा इतिहास आहे. बियाचा इतिहास हातांच्या सवयीत शोधावा लागतो.

१७/ ती सवय अशी. बी इतके हलके, की तसेच फोकले तर एका जागी पडते. म्हणून राखेत वा बारीक रेतीत मिसळून गादीवाफ्यावर फोकतात. ते मातीखाली खोल पुरत नाहीत, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. दीड-दोन महिन्यांनी रोपे काढून शेतात लावतात. कळी दिसताच शेंडा खुडतात आणि बगलेतले फुटवेही काढत राहतात. मग झाडाचे सारे बळ पानांत उतरते.

१८/ त्याबरोबर कडकपणाही वाढतो. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत साठते आणि शेंडा खुडला की त्याचे प्रमाण वाढते. विडीची तंबाखू उन्हात सुकवतात. त्यानंतर ढीग लावून, उलथापालथ करून ती मुरवावी लागते. हिरवे पान नुसते वाळवले तर हाती येतो तो पाचोळा. वास नाही, चव नाही. टेरीने हेरलेली अडचण कुंडीतल्या रोपालाही चुकलेली नाही.

१९/ विसाव्या शतकात सरकार थेट शेताच्या बांधावर आले. दुसऱ्या महायुद्धाचा खर्च भागवण्याच्या धडपडीत १९४३ मध्ये तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. आता पिकवणारा, सुकवणारा आणि साठवणारा हे तिघेही नोंदवहीत आले. पाने खळ्यावर असतानाच त्यांचा हिशेब होऊ लागला. कच्च्या तंबाखूवरील हा कर १९७९ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

२०/ या साऱ्याची झळ मराठी मुलखात सर्वाधिक कोणाला बसली असेल, तर ती निपाणी परिसराला. बेळगाव जिल्ह्यातील हा मराठीभाषक सीमाभाग विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध. काळी जमीन, राबणारे हात, घरचे अनुभवी ज्ञान, सारे शेतकऱ्याचे. पण सुकलेले पान घरी किती दिवस ठेवणार? भाव व्यापारी ठरवी आणि वखारींत विडी वळणाऱ्या स्त्रियांची मजुरीही दुसराच कोणी ठरवी.

२१/ मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचा शेतकरी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर बसला. बायामुलांसह, भाकरी बांधून, तीन आठवड्यांहून अधिक काळ. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या पानासाठी ते मेले, त्याचे बी त्यांच्याच घरात, गाडग्यात जपून ठेवलेले होते.

२२/ आता माझ्या घरातले थोडेसे. माझी आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करी. तिचा तो खमंग, डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे माझ्या बालपणाची सकाळ. पुढे तिच्या गालात गाठ आली. परळच्या रुग्णालयाच्या फेऱ्यांत मी आठवीतून दहावीत गेले. विकतची तंबाखू वाईट, घरी भाजलेली मशेरी औषधी, असे ती शेवटपर्यंत मानत होती.

२३/ ‘घरचे’ या शब्दावर आपला फार विश्वास असतो. पण निकोटीन त्या पानातले आहे, पाकिटातले नव्हे. कर्करोगकारक नायट्रोसअमाइन द्रव्ये मुख्यतः पान सुकताना आणि मुरताना तयार होतात. कारखाना असो वा परसदार. ओली पाने नुसती हाताळल्यानेही तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात, कारण निकोटीन कातडीतून शरीरात शिरते.

२४/ काकांना मी एवढेच सांगितले. रोप नक्की येईल, गुलाबी फुलेही सुंदर येतील. पण पान खाण्याओढण्याजोगे होणार नाही आणि झाले तर ते विकतच्याइतकेच घातक असेल. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझ्या आजीला मी पाहिलंय.” त्या रिकाम्या कुंडीत आता वांग्याचे रोप आहे. तेही तंबाखूच्याच कुळातले, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

२५/ जाता जाता एक विनंती. तुमच्या आजी-आजोबांकडे चंची, बटवा, तपकिरीची डबी, चिलीम असे काही असेल, किंवा परसात कोणी तंबाखू लावल्याची आठवण असेल, तर त्यांना विचारून लिहून ठेवा. मक्त्याचे कागद दप्तरखान्यात सुरक्षित आहेत. या आठवणींना मात्र दप्तरखाना नाही. धागा समाप्त.