जास्वंदीचे सरबत, मोहाचे फूल आणि पाचवे शील

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात व्यसनमुक्तीचे काम करताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "आदिवासी पिणारच, ती त्यांची संस्कृतीच आहे." दुःख याचे की, आपले काही उपासकही असेच बोलतात. म्हणून थोडा इतिहास तपासू.

विनयपिटकाच्या महावग्गात केणिय जटिलाची कथा आहे. त्याने संघासाठी पेय आणले. त्या प्रसंगी तथागतांनी आंबा, जांभूळ, केळी, द्राक्षे, मध, फालसा अशा आठ पेयांना अनुमती दिली. सर्व फुलांच्या रसालाही दिली. अपवाद फक्त मधुकपुष्पाचा, म्हणजे मोहाच्या फुलाचा. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून, साखर-लिंबू घालून केलेले लाल सरबत या अनुमतीत सहज बसते. मोहाचा रस मात्र आंबून दारू होतो. इथे निकष नशेचा आहे. पिणाऱ्याच्या जातीचा नाही.

आता ब्रिटिश सरकारचा निकष पाहा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूवरचे नियंत्रण आवळले. १८९२ च्या मोहडा कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवरच बंधने घातली. आजची ही तिन्ही शहरे ज्या भूमीवर उभी आहेत, ती तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. कातकरी, ठाकर, वारली यांच्यासाठी हे फूल टंचाईच्या दिवसांतले अन्नही होते. त्याच काळात उरणच्या भट्ट्यांमध्ये पंचमहालातून आणलेल्या मोहाची दारू गाळली जात होती, मुंबईत विकली जात होती आणि सरकार तिच्यावर कर घेत होते. म्हणजे सरकारला दारू नको नव्हती, आदिवासीने ती स्वतः गाळायला नको होती. अन्न वेचणारा गुन्हेगार ठरला आणि भट्टीवाला प्रतिष्ठित!

शील आणि हा कायदा यांची गल्लत करू नका. शील माणूस स्वतः समजून घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती स्वाभिमानासाठी आहे, दुसऱ्याला हिणवण्यासाठी नाही.

दारू आम्हाला नकोच. तिने वस्त्यांमधली किती घरे मोडली, हे आम्ही रोज पाहतो. पण पाड्यावर जायचे तर छापा घालणाऱ्याच्या तोऱ्यात नव्हे, मैत्रीने जाऊ. येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात जास्वंदीचे सरबत करा आणि शेजारच्या पाड्यालाही बोलवा. एकाच पंगतीत बसल्याशिवाय पाचव्या शीलाची गोष्ट कुणाला पटणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!