बायरनची लेक, मोजे विणणारे आणि माझी चिकटवलेली चक्रं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात माझ्या फजितीने करतो. गेल्या महिन्यात मी एक स्टीमपंक झोळी करायला घेतली. घरातल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा चहाच्या पाण्यात उकळून तपकिरी केला. त्याला खणाची किनार लावली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून बंद पडलेल्या घड्याळांची पितळी चक्रं आणली आणि गोंदाने कापडावर चिकटवली. फोटो एकदम झकास आला! मग एका मैत्रिणीने विचारलं, "छान आहे रे, पण ही चक्रं फिरून करतात काय?"

काही नाही. ती नुसती चिकटलेली होती. दोन दिवसांनी त्यातली तीन गळूनही पडली.

तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. म्हणून मी वाचायला बसलो.

आधी शब्द समजून घेऊ. 'स्टीमपंक' हा शब्द १९८७ साली अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी 'लोकस' या मासिकाला लिहिलेल्या पत्रात वापरला, तोही अर्धा गमतीत. तेव्हा 'सायबरपंक' जोरात होतं. जेटर आणि त्यांचे दोन लेखक मित्र मात्र व्हिक्टोरियन काळातल्या अचाट गोष्टी लिहीत होते. त्या गोष्टींना नाव हवं, म्हणून स्टीमपंक. पुढे ते पुस्तकांतून बाहेर पडून लोकांच्या हातात आलं: गॉगल, कॉर्सेट, पितळी बटणं, चामड्याचे पट्टे, जुन्या घड्याळांचे भाग. वाफेच्या युगातच कॉम्प्युटर आला असता तर जग कसं दिसलं असतं, हा त्यामागचा खेळ.

आता गंमत बघा. वाफेच्या युगातला तो कॉम्प्युटर आणि कापड यांचं नातं अगदी खरं आहे.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात रेशीम विणलं जायचं. नक्षी काढायची तर मागावरचे ठरावीक उभे धागे, म्हणजे ताणा, प्रत्येक ओळीला वेगळे उचलावे लागत. त्यासाठी दोऱ्या ओढायला माणूस लागायचा, बहुतेक वेळा लहान पोर. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डने, आधीच्या कारागिरांच्या कल्पना जोडून, हे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर सोपवलं. एक कार्ड म्हणजे नक्षीची एक ओळ. कार्डाला भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि तो धागा उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, बस. आपल्या फोनच्या पोटात जे चालतं, त्याचं हे आजोबा रूप.

१८३९ मध्ये याच पद्धतीने जॅकार्डचं एक रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे होती. बॅबेजने कार्डांची हीच युक्ती आपल्या 'ॲनालिटिकल इंजिन'साठी घेतली. ते यंत्र पूर्ण झालंच नाही. पण १८४३ मध्ये त्यावर सविस्तर टिपणं लिहिली ॲडा लव्हलेसने. तिने सरळ विणकामाचीच उपमा वापरली: माग फुलं-पानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणित विणेल.

ही ॲडा कोण? कवी लॉर्ड बायरनची मुलगी. आणि इथे मी वाचता वाचता थांबलो.

१८११ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी यंत्रं फोडायला सुरुवात केली. हेच ते 'लडाइट'. आज कुणाला नवं ॲप जमलं नाही की आपण त्याला हसत लडाइट म्हणतो. पण ते ज्या चौकटी फोडत होते, ते यंत्र तेव्हाच दोनशे वर्षं जुनं होतं! त्यावरच त्यांची पोटं भरत होती. त्यांचा राग होता कमी केलेल्या मजुरीवर, न शिकलेल्या स्वस्त मजुरांवर आणि कापून-शिवून बनवलेल्या, लगेच उसवणाऱ्या मोज्यांवर. भांडण यंत्राशी नव्हतं, ते कुणाच्या फायद्यासाठी चालतं याच्याशी होतं.

सरकारने काय केलं? यंत्र फोडणाऱ्याला फाशी, असा कायदा आणला. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये चोवीस वर्षांचा बायरन आपलं पहिलंच भाषण करायला उभा राहिला आणि या कारागिरांच्या बाजूने बोलला. कायदा तरीही झाला. पुढच्या जानेवारीत यॉर्कमध्ये हल्ले आणि खुनाच्या खटल्यांत १७ जणांना फासावर चढवलं.

बाप विणकरांसाठी भांडला. लेकीला त्याचा सहवास मिळालाच नाही, कारण ती महिन्याची असतानाच आईवडील वेगळे झाले आणि ती आठ वर्षांची असताना तो वारला. तिने विणकामाच्या यंत्रात गणिताचं भविष्य पाहिलं. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं.

स्टीमपंकने यातलं काय उचललं? १९९० च्या 'द डिफरन्स इंजिन' या गाजलेल्या कादंबरीत बॅबेजचं यंत्र यशस्वी होतं आणि बायरन चक्क पंतप्रधान असतो, तेही यंत्रवाल्यांच्या पक्षाचा! म्हणजे कल्पनेतल्या इतिहासात तो उलट्या बाजूला गेला. चक्रं राहिली, मोजे विणणारे मागे पडले. माझ्या झोळीचंही तेच झालं होतं.

आणि आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीचा घाट घातला. दोन वर्षांत ती वाफेवर चालू लागली. मग गिरणगाव झालं, भोंग्यावर उठणारं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. आज त्या जागांवर मॉल आहेत, आणि जुन्या लाकडी बॉबिन शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात. शोभेची बॉबिन आणि चिकटवलेलं चक्र, दोन्ही एकच.

तर मी झोळी उसवली. एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून छोटी कार्डं केली आणि सुताच्या दोऱ्यात ओवली. त्यांची भोकं मनाला येईल तशी पाडली नाहीत. चौकटीच्या कागदावर एक फूल काढलं आणि ओळीप्रमाणे भोकं पाडली. मग तीच नक्षी कापडावर धावदोऱ्याने भरली: भोक तिथे टाका वर, नाही तिथे खाली. चक्र एकच ठेवलं, मधल्या भोकातून दोरा घालून पक्कं शिवलं, कार्डांच्या माळेच्या टोकाला. आठ ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. बोटाला दोनदा सुई टोचली. लिऑंमध्ये दोऱ्या ओढणाऱ्या पोराचा दिवस कसा जात असेल, हे तेव्हा थोडंसं कळलं.

मैत्रिणीने पुन्हा विचारलं, "हे काय करतं?" म्हटलं, "हे फूल कसं विणायचं ते सांगतं. वाचून बघ."

तिने कार्ड हातात घेतलं आणि बोटाने भोकं मोजायला लागली.

तुम्ही काही हाताने बनवत असाल तर ते आधी कोण बनवायचं आणि त्याला काय मिळायचं, एवढं एकदा शोधून बघा. आणि मलाही कळवा. भेटू पुढच्या भागात!