मोझार्टच्या कमानी

पियानोच्या छापील स्वरलिपीत सुरांच्या डोक्यावर बारीक कमानी काढलेल्या असतात. त्यांना ‘स्लर’ म्हणतात. कमानीखालचे सूर न तोडता, एकाला एक जोडून वाजवायचे. अठराव्या शतकातल्या वादकाला मात्र ही कमान आणखीही काही सांगत असे. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ साली व्हायोलिनवादनावर ग्रंथ लिहिला. कमानीतल्या पहिल्या सुरावर जरा जोर द्यावा, बाकीचे त्याला हळुवार जोडावेत, असे ते त्यात शिकवतात. म्हणजे कमान एका सुराने पुढेमागे झाली, की वजन भलत्याच सुरावर पडते. मी कविता लिहितो. स्वल्पविराम सरकला की ओळीचे काय होते, ते मला ठाऊक आहे.

घोळ असा, की मूळ हस्तलिखितांत या कमानी एकसारख्या नाहीत. तीच चाल पुढे परत येते तेव्हा कमान कधी आखूड, कधी लांब, कधी गायबच. पिसाच्या लेखणीने भराभर ओढलेली रेघ पहिल्या सुरावर सुरू झाली की दुसऱ्या, हे भिंगातूनही ठरत नाही. पुढे छापण्यासाठी कारागीर धातूच्या पत्र्यावर सगळे उलटे कोरायचा. सुरांना ठसे होते. कमान हाताने कोरावी लागे.

मग हस्तलिखित खरे आणि छापील खोटे म्हणावे? तेही जमत नाही. मोझार्टचा एफ मेजरमधला सोनाटा, क्योखेल यादीतला ३३२ क्रमांकाचा, १७८४ साली व्हिएन्नात आर्तारियाने छापला. त्याच्या संथ भागात चाल परत येते, तेव्हा छापील प्रतीत ती भरपूर नक्षीदार आहे. हस्तलिखितात ती नक्षी नाही. इतकी देखणी भर कारागिराची कशी असेल? ती मोझार्टचीच असावी. मग बदललेल्या कमानी तेवढ्या कारागिराच्या, हे कशावरून?

एकोणिसाव्या शतकातल्या अनेक संपादकांनी सोपा उपाय काढला. कमानी सारख्या केल्या, वर लांबवल्याही. पाने नीटनेटकी झाली. पण त्यातले मोझार्टचे किती आणि आपले किती, हे कित्येकांनी सांगितलेच नाही. याचा मला खरोखर राग येतो. बेटोफेनने ऑगस्ट १८२५ मध्ये कार्ल होल्त्स याला पत्र लिहून बजावले होते, की कमानी आहेत तशाच उतरल्या पाहिजेत. अशी काढली काय नि तशी काढली काय, हे सारखे नव्हे. प्रश्न तंतुवाद्यांच्या चौकडीचा होता, पण पियानोला वेगळा न्याय कशाला? अर्थात त्याच्या स्वतःच्या पियानो हस्तलिखितांतही कमानींचा मेळ नेहमी बसत नाही, ही गंमत आहेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या मोझार्टच्या नव्या समग्र आवृत्तीत संपादकाने घातलेली कमान तुटक रेषेने छापली आहे. वादकाला ती पाळता येते, सोडता येते. एकच चाल दोनदा आली आणि वादकाने ती दोन तऱ्हांनी वाजवली, की मी कान टवकारतो.