मोतीबिंदू, पारपटल आणि पन्नास वर्षे

आपल्या मंडळाची स्थापना १९७६ सालची. त्याच वर्षी भारत सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी मदुराईस डॉ. वेंकटस्वामी यांनी अवघ्या अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. आणि त्याच वर्षी अमेरिकेत बोर्न व कॉफमन या नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पारपटलाच्या पेशींची किती हानी होते याची मोजणी प्रसिद्ध केली. पहिल्या दोन गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. तिसरीशी आमचा संबंध आला तो तीर्थरूपांमुळे. वाचकांपैकी अनेकांना त्यांचे स्मरण असेल. मंडळाचे ग्रंथालय ते कित्येक वर्षे सांभाळीत असत.

पारपटल, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला कॉर्निया म्हणतात तो डोळ्याचा काचेसारखा दर्शनी पडदा. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. त्याच्या आतल्या अंगाला षट्कोनी पेशींचा एकच थर असतो, मधमाशांच्या पोळ्यासारखा. डोळ्यातील पाणी सतत पारपटलात झिरपत असते आणि या पेशी ते अहोरात्र बाहेर उपसत असतात. उपसा थांबला की पारपटल फुगते व गढूळ होते. प्रौढ माणसाच्या डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला या पेशी अडीच ते तीन हजार असतात, आणि त्यांतील गेलेली पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाही. आम्ही जन्मभर आस्थापना विभागात काढल्यामुळे आम्हांस हे चटकन उमगले : पद रिक्त झाले की ते रद्दच व्हायचे आणि शेजाऱ्यांनी अतिरिक्त कार्यभार वाहायचा. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा भरून काढतात. मात्र संख्या पाचशेच्या आसपास उतरली की त्यांनाही भार पेलवत नाही.

सुश्रुताच्या काळापासून आपल्याकडे मोतीबिंदूवर सुईचा उपाय चाले. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुई आत घालून गढूळ झालेले भिंग मागे ढकलून द्यावयाचे. या उपायाने पुढे कित्येकांचे डोळे गेले हे खरे. पण ती सुई पारपटलाच्या वाटेला फारशी जात नसे, हेही नमूद केले पाहिजे. १७४७ साली फ्रान्समधील झाक दाव्हिएल याने पारपटलाच्या खालच्या कडेला छेद घेऊन भिंग बाहेर काढले, आणि तेव्हापासून शस्त्रवैद्य त्या नाजूक थराच्या अंगणात वावरू लागला. आपल्या महाराष्ट्रापासून दूर तंजावरास राज्य करणारे सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांना नेत्रविद्येची विलक्षण गोडी होती. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाने तंजावरास गेल्यावर केवळ मंदिर पाहून परतू नये, असे आमचे मत आहे.

पेशींची खरी परीक्षा पुढेच होती. १९४९ साली लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी काढलेल्या भिंगाच्या जागी प्लॅस्टिकचे भिंग बसविले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या आवरणाचे तुकडे डोळा मुकाट सोसतो, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. काही वर्षांतच इतरांनी बुबुळाच्या पुढे, पारपटलाच्या अगदी निकट बसणारी भिंगे काढली. बसविण्यास ती सोपी. पण त्यांपैकी पुष्कळ भिंगे पुढे काढून घ्यावी लागली, कारण पारपटले गढूळ होऊ लागली. का, ते नीट दिसत नव्हते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड फोग्ट यांनी १९२० च्या सुमारास हा थर जिवंत डोळ्यात प्रथम पाहिला होता. परंतु १९६८ साली डेव्हिड मॉरिस यांनी खास सूक्ष्मदर्शक तयार केल्यावर आणि पुढे तो रुग्णाच्या डोळ्यापुढे धरता येऊ लागल्यावरच पेशी मोजता येऊ लागल्या. प्लॅस्टिकचा नुसता स्पर्श झाला तरी पेशी भिंगाला चिकटून उपटून निघतात, हे १९७६ च्या सुमारास उघड झाले.

ही माहिती आम्हांस फार उशिरा मिळाली. तीर्थरूपांची शस्त्रक्रिया १९९१ साली झाली. आतले आवरण फाटल्यामुळे भिंग बुबुळाच्या पुढे बसवावे लागले, असे घरी आल्यावर कागदात वाचावयास मिळाले. पेशी कोणी मोजल्या नव्हत्या. मोजाव्यात हे आम्हांसही ठाऊक नव्हते. पाच-सहा वर्षे उत्तम गेली. मग एके दिवशी ते म्हणाले, "सकाळी अक्षर पुसट दिसते, दुपारी स्वच्छ होते." आम्हांस ते चष्म्याचे काम वाटले. वास्तविक झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पारपटलातील पाणी उडून जात नाही, आणि थकलेल्या पेशींना ते उपसवत नाही. म्हणून सकाळ धूसर. पुढे दुपारही धूसर झाली, पारपटलावर फोड येऊन फुटू लागले. पुस्तकांच्या नोंदवहीत त्यांचे अक्षर ओळीखाली घसरू लागले, तेव्हा त्यांनी वही आपण होऊन आमच्या मातोश्रींच्या हाती दिली. १९९९ मध्ये कोणा अनोळखी मृत व्यक्तीचे पारपटल त्यांना लाभले. टाके वर्षाहून अधिक काळ डोळ्यात होते. मोठा टाईप त्यांना वाचता येऊ लागला, बारीक मात्र अखेरपर्यंत नाही.

दरम्यान शास्त्र पुढे गेले होते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली दंतवैद्याच्या यंत्रावरून सुचलेल्या ध्वनिकंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याची रीत काढली. छेद लहान झाला, पण उष्णता व उडणारे कण यांचा मारा पेशींवरच. त्यावर तोडगा निघाला तो एन्ड्रे बलाझ यांच्या चिकट, पारदर्शक द्रवाने. तो कोंबड्याच्या तुऱ्यापासून मिळवीत. शस्त्रक्रियेच्या वेळी हा द्रव डोळ्यात भरला की पेशींवर जणू गादी अंथरली जाते. आपल्याकडे यंत्राविना, हाताने लहान छेदातून भिंग काढण्याची स्वस्त पद्धत रुजली. तिला कमअस्सल मानणारे पुष्कळ होते. पुण्यात २०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत सहा आठवड्यांनंतर पेशींची घट यंत्राच्या पद्धतीत १५.५ टक्के व हाताच्या पद्धतीत १५.३ टक्के आढळली. म्हणजे फरक नाहीच. आता संपूर्ण पारपटल न बदलता केवळ आतला थर बदलता येतो, आणि २०१८ साली जपानमध्ये प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशी सुईने डोळ्यात सोडून अकरा रुग्णांची पारपटले स्वच्छ झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तीर्थरूप तोवर राहिले नव्हते.

गेल्या महिन्यात आमच्या उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. आम्ही प्रथम पेशी मोजून घेतल्या. चौरस मिलिमीटरला २,३१० असा आकडा कागदावर छापून आला आहे, शेजारी पोळ्याचे करडे चित्र. शस्त्रक्रिया महोत्सवानंतरच्या सोमवारी ठरली असून ग्रंथालयाच्या नोंदवहीचे काम तोवर चिरंजीवांकडे सोपविले आहे.