कब्रस्तानातील फळझाड : हक्क कोणाचा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘कंपू’ हे नाव मराठी वाचकास परके वाटू नये. महादजी शिंदे यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली, तिचेच पुढे लष्कर शहर झाले आणि कंपू हे नाव मोहल्ल्याला राहिले. किल्ल्याच्या पलीकडे हजीरा भाग आहे. हजीरा या शब्दाचा अर्थच कबरींचे आवार असा आहे. तेथे शत्तारी सिलसिल्याचे सूफी शेख मुहम्मद गौस यांचा १६व्या शतकातील मकबरा असून त्याच आवारात तानसेनची साधी कबर आहे.

या कबरीजवळच्या झाडाची नोंद जुनी आहे. आग्र्याहून उज्जैनला १७९२-९३ मध्ये गेलेल्या विल्यम हंटरने आपल्या प्रवासवृत्तात लिहिले की, या झाडाची पाने चघळल्यास आवाज गोड होतो असा लोकांचा समज आहे. टॉमस मूर या कवीने ‘लल्ला रूख’ (१८१७) या काव्याच्या टिपांत तोच मजकूर घेतला. चिंचेची पाने खाण्यासाठी गवई येथे येत राहिले. समज खरा की खोटा, हा येथे प्रश्न नाही. कब्रस्तानातील झाड एका घराण्याचे नसून येणाऱ्या प्रत्येकाचे, ही भावना त्यात दिसते, हे महत्त्वाचे.

या भावनेला शास्त्राचाही आधार आहे. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने अथवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, असा हदीसचा आशय आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने १७व्या शतकात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगीरी’त तर या विषयाचा कायदेशीर विचार आढळतो. जमीन कब्रस्तान होण्यापूर्वीचे झाड मूळ मालकाचे; नंतर लावलेले झाड लावणाऱ्याचे; लावणारा ठाऊक नसेल तर निर्णय काझीकडे, आणि त्याला योग्य वाटल्यास झाड विकून ती रक्कम कब्रस्तानच्या देखभालीस लावता येते. याशिवाय कबरीवरील हिरवे गवत उपटणे हनफी फकीहांनी अप्रशस्त मानले आहे.

उत्पन्नातून मकबरा सांभाळण्याची रीत मुघलांनी मोठ्या प्रमाणावर पाळली. ताजमहालासाठी शाहजहानने ३० गावे आणि बाजार-सराया वक्फ केल्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये होते. आधी इमारतीची दुरुस्ती, मग सेवक व गरजूंचा खर्च, असा त्याचा क्रम होता.

आज अनेक गावांत कब्रस्तानात आंबा, जांभूळ, चिंच, बोर लावण्याची सूचना पुढे येते. त्या उत्पन्नातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, असेही आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांतील मंडळींना वाटते. हेतू चांगला आहे. परंतु वर सांगितलेला क्रम विसरता येणार नाही. जमीन दफनासाठी वक्फ असेल तर तिचे उत्पन्न प्रथम कुंपण, पाणी आणि वाटा यांवर खर्च झाले पाहिजे. शिल्लक रकमेचा अन्य विनियोग वाकिफच्या अटीत बसतो का, हे आधी तपासले पाहिजे. झाडे कबरींवर न लावता हद्दीलगत लावावीत, म्हणजे फळे उतरवताना कबरी तुडवल्या जाणार नाहीत. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय काहीच करू नये.

वक्फ कायद्यानुसार मुतवल्लीला हिशेब ठेवावाच लागतो. त्या वहीत झाडांचेही एक पान असावे : झाड कोणते, कोणी व केव्हा लावले, फळांचे काय झाले. लावणारा अज्ञात राहिला की वाद सुरू होतो, हे आलमगीरीच्या संकलकांनी ओळखले होते. महाविद्यालयातील इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावच्या कब्रस्तानातील झाडांची अशी यादी करून घेतली, तर समाजाच्या हाती एक उपयुक्त दस्तऐवज येईल आणि जे सर्वांचे आहे ते कोणा एकाच्या घशात जाणार नाही.