पत्त्याचं भाडं : वेबसाइटला पैसे का लागतात, याचा इतिहास

(ज्यांना बसमध्ये इयरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी, या भागाचं लिखित रूप.)

"वेबसाइट करायला किती खर्च येतो?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कधी ना कधी पडलेला असणार. कोणाच्या आईचा फराळाचा व्यवसाय आहे, कोणाची हौशी नाट्यसंस्था आहे, कोणाला गावच्या जत्रेचे जुने फोटो एका जागी नीट ठेवायचेत. चौकशी केली की एक जण म्हणतो फुकटात होतं, दुसरा म्हणतो पाच हजार, तिसरा थेट दीड लाख सांगतो. आणि गंमत म्हणजे तिघंही खोटं बोलत नसतात. असं कसं, ते समजायला आजचे दर पाठ करून उपयोग नाही, ते पुढच्या महिन्यात बदलतात. हा खर्च मुळात आला कुठून, ते बघूया.

सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत. टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट तिथे एका नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवली. नेक्स्ट म्हणजे ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्सने काढलेली कंपनी. १९८८ मध्ये हा कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा किंमत होती ६,५०० डॉलर. ऑगस्ट १९९१ मध्ये ही वेबसाइट बाहेरच्या जगाला खुली झाली. त्या कॉम्प्युटरवर लाल शाईने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती: हा सर्व्हर आहे, बंद करू नका.

माझ्या मते देखभालीच्या खर्चाचा पहिला पुरावा म्हणजे ही चिठ्ठी. पुस्तक छापलं की छापखान्याचं काम संपतं. वेबसाइटचं तसं नाही. ती कुठल्या तरी मशीनवर, कुठल्या तरी विजेवर, सतत चालू ठेवावी लागते. सर्नमध्ये ते बिल संस्था भरत होती, म्हणून कोणाला दिसलं नाही.

त्याच काळात वेबला एक तगडा प्रतिस्पर्धी होता, गोफर नावाचा. तो अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचा. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की काही प्रकारच्या वापरासाठी गोफरच्या सर्व्हरला परवाना शुल्क लागेल. लोक बिचकले. आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत खुलं करून टाकलं. पुढे काय झालं ते तुमच्या हातातल्या फोनवर दिसतंच आहे. गोफर हरला त्याचं हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. वेबसाइट बनवण्याच्या पद्धतीवर कोणाचीही मालकी नाही, त्याचे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत, हे त्या दिवशी ठरलं.

मग पैसे लागायला लागले कशाचे? पहिल्यांदा, नावाचे.

डॉट कॉमने संपणारं पहिलं नाव नोंदवलं गेलं १५ मार्च १९८५ रोजी, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. त्यानंतर दहा वर्षं ही नावं फुकट मिळायची. म्हणजे खर्च अमेरिकन सरकार उचलायचं; शेवटच्या काही वर्षांत नोंदणीचं काम करणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन पैसे द्यायची. थोडक्यात अमेरिकन करदाता भरत होता. पण १९९५ पर्यंत नावांसाठी नुसती झुंबड उडाली आणि सरकारी संस्थेने हात वर केले. १४ सप्टेंबर १९९५ पासून दर लागू झाला: दोन वर्षांचे १०० डॉलर, त्यानंतर दरवर्षी ५०. त्यातले ३० टक्के इंटरनेटच्या पायाभूत कामासाठीच्या निधीत जायचे. त्यावरून कोर्टकचेरी झाली, हा तर मागच्या दाराने लावलेला कर आहे म्हणून. अखेर १९९८ मध्ये तो वाटा गेला आणि वर्षाचे ३५ डॉलर झाले. १९९९ पासून इतर कंपन्यांनाही नावं विकायची मुभा मिळाली आणि दर आणखी उतरले.

इथे एक शब्द नीट पकडा. आपण म्हणतो "डोमेन विकत घेतलं". विकत काही घेतलेलं नसतं. ते भाडं आहे. भरायचं विसरलात की घर दुसऱ्याला.

आणि विसरतात कोण? मायक्रोसॉफ्ट! २४ डिसेंबर १९९९. हॉटमेलमध्ये लॉगिन होताना मागे पासपोर्ट डॉट कॉम नावाचा पत्ता वापरला जायचा. त्याचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. ऐन नाताळात लोकांचं ईमेल अडकलं. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रॅमरने, तोही लिनक्सवाला, स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि सेवा पूर्ववत झाली. हेच हॉटमेल मायक्रोसॉफ्टने दोन वर्षांपूर्वी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलरला घेतलं होतं. ४० कोटींचा वाडा आणि ३५ डॉलरची घरपट्टी थकली. २००३ मध्ये हॉटमेलच्या ब्रिटनमधल्या पत्त्याचंही असंच झालं.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. व्यक्तीला २५० तासांचे ५,००० रुपये, संस्थेला त्याहून जास्त. तासाला २० रुपये, फोनचं बिल वेगळं. वेग ९.६ केबीपीएस. आज एक साधा फोटो पाठवतो तो तेव्हा किती मिनिटं घेईल, तुम्हीच काढा. त्यामुळे मराठी माणसांच्या सुरुवातीच्या कित्येक वेबसाइट परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी काढल्या यात नवल नाही. मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली ती तशीच. डॉट इन हे आपलं नाव सर्वांना सहज मिळायला २००५ उजाडावं लागलं. १९९२ ते २००४ या बारा-तेरा वर्षांत मिळून जेमतेम सात हजार डॉट इन नावं नोंदवली गेली होती. २०१४ मध्ये तर डॉट भारत आलं, देवनागरीत. ते फार कोणी वापरत नाही हा भाग वेगळा.

आता जागेचं भाडं. नाव हा पत्ता झाला, पण सामान ठेवायला खोली हवी. त्याला होस्टिंग म्हणतात. नव्वदच्या दशकात मोठ्या कंपन्या स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन बसायच्या, आणि छोटी माणसं एकाच सर्व्हरवर शेकडो जण दाटीवाटीने राहायची. अगदी चाळीसारखं, एकाने नळ सोडला की दुसऱ्याचं पाणी जातं. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणुकीची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली, एका जीबीला महिन्याला १५ सेंट. त्याच ऑगस्टमध्ये अख्खा सर्व्हर तासाला १० सेंटने. जेवढं वापराल तेवढंच बिल. मोठी सोय झाली. पण त्यात मेख अशी की वापर अचानक वाढला तर बिलही अचानक वाढतं.

आणि फुकटवाले? ते तर पहिल्यापासून आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी फुकट पानं बनवली, लुकलुकणारी अक्षरं आणि मागे गाणं वगैरे. १९९९ मध्ये याहूने ती कंपनी साडेतीन अब्ज डॉलरच्या पुढे मोजून घेतली. २६ ऑक्टोबर २००९ ला बंद करून टाकली. लोकांची पानं गेली. आर्काइव्ह टीम नावाच्या हौशी मंडळींनी धावतपळत जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. जे भाडं तुम्ही भरत नाही ते दुसरा कोणीतरी भरत असतो, आणि कधी थांबायचं तेही तोच ठरवतो.

पण नाव आणि जागा मिळूनसुद्धा हा खर्च लहानच असतो. खरा खर्च माणसांचा. विकिपीडिया बघा. जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या वेबसाइटपैकी एक, त्यात १ मे २००३ पासून मराठीही आहे. ती चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा २०२२-२३ चा खर्च सुमारे १६.९ कोटी डॉलर होता. त्यातला होस्टिंगचा खर्च फक्त ३१ लाखांच्या आसपास. पगारांवर १० कोटींहून जास्त. आणि लेख लिहिणारे तर फुकटच लिहितात!

दुसरं टोक बघा. १९९६ चा स्पेस जॅम सिनेमा, बास्केटबॉल खेळणारा मायकेल जॉर्डन आणि कार्टून. त्याची तेव्हाची वेबसाइट पंचवीस वर्षांनंतरही जशीच्या तशी उघडत होती. कारण ती साधी पानं होती. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही, पेमेंट नाही. बिघडण्यासारखं काही नाहीच. याउलट अमेरिकन सरकारने आरोग्य विम्यासाठी काढलेली हेल्थकेअर डॉट गव्ह. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकले सहा जण. अख्ख्या देशातून सहा. नंतरच्या सरकारी तपासणीत त्या कामाची ६० कंत्राटं निघाली, अंदाजे मूल्य १.७ अब्ज डॉलर. तिला माणसाचं उत्पन्न पडताळायचं होतं, नागरिकत्व पडताळायचं होतं, अनेक सरकारी खात्यांशी आणि विमा कंपन्यांशी त्याच क्षणी बोलायचं होतं. म्हणजे फुकट, पाच हजार आणि दीड लाख सांगणारे तिघं वेगवेगळ्या गोष्टींचे भाव सांगत असतात. एकाच्या डोक्यात दाखवायचं पान असतं, दुसऱ्याच्या डोक्यात दुकान.

मराठीला आणखी एक खर्च पडला, ज्याची नोंद कुठे होत नाही. सुरुवातीला प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या वेबसाइटचा फॉन्ट वेगळा. आधी तो उतरवून घ्या, मगच बातमी वाचा. अक्षरं दिसायची मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांचीच खिचडी असायची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण ती घरोघरीच्या कॉम्प्युटरवर नीट दिसायला पुढची बरीच वर्षं गेली. सगळे युनिकोडवर आले तेव्हा जुनं लिखाण रूपांतरित करावं लागलं. ज्यांनी पैसे आणि माणसं घातली त्यांचं वाचलं. बाकीचं आज उघडलं तर नुसते चौकोन आणि स्वल्पविराम. आपल्या भाषेचा किती मजकूर असा गेला, विचार करून पोटात कालवतं.

नवे खर्चही येत राहतात, क्वचित जातातही. जुलै २०१८ पासून क्रोम सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या साइटला "सुरक्षित नाही" असा शिक्का मारायला लागलं. एरवी हा प्रत्येकाला वर्षाचा भुर्दंड बसला असता. पण लेट्स एनक्रिप्ट ही ना-नफा सेवा त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस, सगळ्यांसाठी फुकट प्रमाणपत्रं द्यायला लागली होती. ती चालते देणग्यांवर. म्हणजे तिथेही बिल आहेच.

माझ्या ओळखीच्या एका नाट्यसंस्थेने दहा-बारा वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली. ज्या मुलाने केली त्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं. वाईट हेतू नव्हता, सोय म्हणून. पुढे तो दुसऱ्या शहरात गेला, ईमेल बदलला, नूतनीकरणाची सूचना कोणालाच मिळाली नाही. संस्थेला कळलं तेव्हा त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात लागली होती. जुन्या प्रयोगांचे फोटो दुसरीकडे कुठे ठेवलेलेच नव्हते.

डॉट कॉमच्या नियमानुसार मुदत संपल्याबरोबर नाव लगेच जात नाही. साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या दरात परत मिळतं. मग तीस दिवस असे, की मिळतं पण दंड भरून. त्यानंतर पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते जगाला खुलं. त्यामुळे कोणाकडूनही वेबसाइट करून घेताना किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: नाव कोणाच्या ईमेलवर नोंदवणार, दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण कितीला पडणार, आणि सगळ्या मजकुराची प्रत माझ्या हातात कधी देणार. पहिल्या वर्षीचा ९९ रुपयांचा दर बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षीचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो.

पुढच्या भागात त्या फॉन्टच्या भानगडीवर सविस्तर बोलू. तुमच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चौकोन दिसणारी एखादी मराठी फाइल असेल तर ती डिलीट मात्र करू नका.